घड्याळवाल्या बाई

तुटलेलं सूत जोडताना गिरणीतली गंगुबाई दोन्ही टोकं डाव्या अंगठ्याखाली दाबायची, वेढा द्यायची आणि मग गाठ ओढायची. घाई असली की अंगठा आधीच सुटायचा. अशी गाठ सैल बसे आणि सूत पुन्हा तुटे.

सुमतीला हा फरक फार उशिरा दिसला. लालबागच्या गिरणीत, बायका सूत गुंडाळायच्या त्या खात्यात, ती पावसाळाभर स्टॉपवॉच घेऊन उभी होती. बीएस्सीला लंबकाचे झोके मोजले तसे तिने बायकांचे हात मोजले. कामगारांचा अभ्यास करणाऱ्या कीर्तिकर सरांची ती सहायक; दुसरी सहायक बकुळा. ती मोजायची नाही. जेवणाच्या सुट्टीत बायकांत बसून बोलायची. सर देशोदेशींच्या कामगार स्त्रियांवरच्या परिषदेत निबंध वाचायला जिनिव्हाला जाणार होते. जिच्या कामावर निबंध उभा राहील तिला ते सोबत नेणार होते.

बकुळा वरळीच्या बीडीडी चाळीतली. गंगुबाई तिला ‘बकुळे’ म्हणे, आपल्या डब्यातली सुकटीची चटणी तिच्या भाकरीवर घाली. सुमतीला मात्र ‘बाई’ म्हणे आणि स्टूल पदराने पुसून देई. ते पुसलेलं स्टूल सुमतीला रोज झोंबे. गिरगावात घरी परतल्यावरही बकुळाभोवतीचा तो हशा तिच्या कानात राही. निदान आकडे तरी आपले आहेत, असं ती स्वतःला सांगे. बायकांच्या हातून सूत वारंवार तुटतं, असं ते आकडे सांगत होते.

एकदा घड्याळ दुरुस्तीला दिलेलं असताना ती तशीच गेली आणि दारात थांबली. गंगुबाईचा अंगठा जागच्या जागी होता. गाठी घट्ट बसत होत्या. तेवढ्यात गंगुबाईने तिला पाहिलं.

“भराभर हात उचला गं, घड्याळवाल्या बाई आल्या.”

अंगठा सुटू लागला.

सुमतीने बकुळाला गाठून विचारलं. घड्याळ आलं की गिरणी माणसं कमी करते, हळू हाताची बाई आधी घरी जाते, असं बायका धरून चालतात, बकुळाने सांगितलं. तुला हे ठाऊक होतं का, यावर ती सहज म्हणाली, “मला वाटलं, तुलाही ठाऊक आहे.”

पुन्हा मोजता येईना. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ झाला आणि त्यानंतर गिरणीने बाहेरच्यांना आत घेणंच बंद केलं. बकुळाने सरांना काही सांगितलं नाही. आकडे तुझे आहेत, काय ते तू ठरव, एवढंच म्हणाली. तिचं हे मोठेपणही सुमतीला सोसेना. सरांना सांगणं ती आज-उद्यावर ढकलत राहिली.

शेवटी दादरच्या कचेरीत सरांनी दोघींना बोलावलं. सुमतीचे तक्ते स्वच्छ आहेत, निबंध त्यांवरच उभा करू, तिने पासपोर्टचं बघावं, असं ते म्हणाले. खालून मोर्चा चालला होता. बकुळा खिडकीशी उभी राहून तो पाहत होती. ती बोलली असती तर सुमतीला तिच्याशी भांडता आलं असतं. बकुळाने मागे वळूनही पाहिलं नाही.

सुमतीने टेबलावरचे आपले तक्ते मिटले.

“सर, माझे आकडे वगळा,” ती म्हणाली. “मी बायकांचं काम मोजलं नाही, माझ्या घड्याळाची भीती मोजली. बकुळाला न्या.”