सेहेचाळीस दात

सिस्टरनं बदलीचा कागद दोनदा वाचला आणि सही न करताच घडी घालून पर्समध्ये टाकला. बावीस वर्षं ती सायकलवरून घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासत होती, बाळांची वजनं घेत होती. आता म्हणे तिनं आरोग्यकेंद्रात बसून रजिस्टरं भरायची. कारण काय, तर टेकडीवरची वस्ती. गेल्या महिन्यात सायकल ढकलत ती वर पोचली तेव्हा भर दुपार झाली होती, आणि कोणीतरी ते साहेबांच्या कानावर घातलं होतं.

"वय झालं आता, सिस्टर," साहेब म्हणाले. "टेकडीसाठी नवीन मुलगी घेतोय."

"माझं वय झालंय, की सायकलला गिअर नाहीत?" ती म्हणाली. "पंधरा दिवस द्या मला."

सायकलच्या दुकानदारानं तिच्या जुन्या काळ्या सायकलीकडे आणि मग तिच्याकडे एकाच नजरेनं पाहिलं.

"हिला गिअर बसत नाहीत. गिअरचं चाक रुंद, हिचा मागचा चिमटा, चाक अडकतं तो, अरुंद. नवीन घ्या, ही मी भंगारात काढून देतो."

"किती अरुंद?"

"बसत नाही म्हणजे नाही हो!"

सिस्टरनं पिशवीतून टेप काढली. बाळांची डोकी मोजायची टेप ती. चिमट्यातली जागा भरली बारा सेंटीमीटर, सात गिअरच्या चाकाचा मधला हब भरला तेरा.

"एका सेंटीमीटरसाठी माझी सायकल भंगारात घालता?" तिनं गिअरसकट ते वापरलेलं चाक आणि सोबतची चेन विकत घेतली.

"परत घेणार नाही हां!" तो मागून ओरडला.

"मागतंय कोण!"

ती थेट नणंदेकडे गेली. नणंद वयानं थोरली. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथ चालवून नुकतीच घरी बसलेली आणि घरी बसण्याला पार विटलेली. तिनं चिमट्यावर नखानं टिचकी मारली.

"ॲल्युमिनियम असतं तर हात लावला नसता, वहिनी. तडकलं असतं. हे पोलाद आहे. दमानं घेतलं तर ऐकेल."

चिमट्याच्या दोन टोकांमध्ये तिनं आटे पाडलेला गज आडवा अडकवला आणि दोन्ही बाजूंचे नट बाहेरच्या अंगाला फिरवायला लागली. थोडं ताणायचं, सोडायचं, मोजायचं. सोडलं की पोलाद पुन्हा आत यायचं. एक सेंटीमीटर पदरात पडायला तीन ताणावे लागले. एकदा जोरात करकर झाली तेव्हा सिस्टर चटकन वाकून चिमटा चाचपायला लागली.

"वन्सं, मोडली का हो?"

"मोडली असती तर आवाज वेगळा आला असता. दोरी धर."

दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते दोरी ताणून पाहिलं, तर डावी जास्त सरकली होती. ती पुन्हा आत रेटली, टोकं समोरासमोर आणली, गिअर बदलायचा सांगाडा अडकवायला एक पट्टी बसवली, आणि संध्याकाळी नवं चाक चिमट्यात अलगद जाऊन बसलं. दोघी लहान पोरींसारख्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी गल्लीतच चेन सटकली. सिस्टरचा पाय पेडलवरून घसरला आणि नडगी सोलवटली. नणंदेनं वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गिअरची चेन अरुंद होती. पुढच्या चक्राचे दात होते जुन्या रुंद चेनच्या मापाचे, जाड. चेन दातांवर बसतच नव्हती, नुसती वर तरंगत होती.

"मागचं मोजलं आणि पुढचं विसरले. चूक माझी."

दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, पुढचं चक्र, क्रँक, आतला दांडा, सगळंच बदलावं लागेल. "मी म्हटलंच होतं!"

ते 'म्हटलंच होतं' सिस्टरला नडगीपेक्षा जास्त झोंबलं. नणंदेच्या घरी येऊन तिनं चक्र उतरवून व्हाइसच्या जबड्यात आवळलं.

"वन्सं, कानस द्या."

"अगं, सेहेचाळीस दात आहेत. दोन्ही बाजूंनी घासायचे!"

"मोजलेत मी."

चार दिवस कामावरून आली की ती कानस घेऊन बसायची. एक मिलिमीटरसुद्धा घासायचा नव्हता, पण प्रत्येक दातावर सारखा. नणंद शेजारी बसून मापं घ्यायची आणि "हा अजून जाड आहे" म्हणत एकेक दात परत करायला लावायची. तळहाताला फोड आले. पट्टी बांधून तिनं शेवटचे नऊ दात घासले.

पंधराव्या दिवशी सकाळी ती टेकडीला लागली. पहिल्या वळणावर सगळ्यात हलका गिअर टाकला. चेन कुरकुरली, मग गुमान बसली. दुसऱ्या वळणावर छातीचा भाता झाला. उतरून ढकलावंसं फार वाटलं. "चल गं," ती स्वतःलाच म्हणाली. पाय खाली टेकला तो वस्तीतल्या पहिल्या घरापुढेच. सहा दिवसांच्या बाळाचं वजन घेतलं तेव्हा नऊही वाजले नव्हते.

दुपारी तिनं बिनसहीचा कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"अहो, पण नवीन मुलगी रुजू झाली!"

"छान झालं. तिला नदीकडची घरं द्या, तिथे कोणी जातच नाही. टेकडी माझी."

"आणि वर काय कळवू?"

"सिस्टर सही करत नाही, असं कळवा."

साहेबांनी कागद उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. सिस्टर त्यांचं उत्तर ऐकायला थांबली नाही. वस्तीतल्या आणखी दोन बाळंतिणी राहिल्या होत्या.