चांद्याचं मोडकं शिंग

मी एक रबराचा ठोकळा बोलतोय. हसू नका! ठसे कोरायचा आहे मी. तळहाताएवढा, दोन्ही अंगांनी गुळगुळीत.

माझी मालकीण सुकन्या, संगमनेरजवळच्या एका गावची सून. कापडी पिशव्यांवर ठसे मारून विकते. तिचे हात म्हणजे काय सांगू! झेरॉक्स माझ्यावर पालथा घालते, वरून नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवते, चमच्याच्या पाठीनं घोटते आणि कागद उचलला की चित्र माझ्या अंगावर! मग कोरणी चालते. मला तर गुदगुल्या होतात.

यंदा पोळा आला तरी घरात उत्साह नव्हता. तिच्या सासऱ्यांचा, सूर्यभानआबांचा चांद्या बैल उन्हाळ्यात गेला. जोडीतला हौश्या एकटा राहिला. आबा म्हणाले, "एकटं जनावर मिरवायला न्ह्यायचं न्हाई. त्याला बी वाईट वाटंल."

पोळ्याला बैलांवर गेरूचे ठसे मारतातच. सुकन्यानं ठरवलं, हौश्याच्या अंगावर चांद्याच उमटवायचा. मोबाईलमध्ये त्याचा समोरून काढलेला फोटो होता.

झेरॉक्सवाला भला माणूस. "ठसा करायचाय ना ताई? मग उलटंच काढून देतो," म्हणाला. इथंच घोटाळा झाला. कागद पालथा घातला की चित्र आपोआप उलटतं. हे तर माझ्यावर पुन्हा सुलटं झालं, म्हणजे ठसा उलटा उमटणार! सुकन्या घाईत होती, तसंच कोरून मोकळी झाली.

पोळ्याच्या सकाळी आबांनी कागदावर उमटलेला ठसा पाहिला. "लई झ्याक कोरलंय. पर ह्यो माझा चांद्या न्हाई, पोरी. त्याचं डावं शिंग मोडल्यालं हुतं." आणि गोठ्यात जाऊन बसले.

"अगं बाई!" सुकन्यानं कपाळावर हात मारला. दुसरी कोणी रडत बसली असती. हिनं स्कूटीवर जाऊन सुलटा झेरॉक्स आणला, मला उलथं केलं आणि माझ्या पाठीवर पहिल्यापासून सुरुवात केली. बाहेर हलगी वाजायला लागली तरी तिची कोरणी थांबली नाही. धन्य ती पोर!

आबांनी ठसा पुन्हा पाहिला. शिंगावरून बोट फिरवलं. मग मला गेरू लावून हौश्याच्या डाव्या अंगावर दाबलं, चांद्या चालायचा त्या बाजूला. पुन्हा गेरू लावला आणि स्वतःच्या नव्या पांढऱ्या सदऱ्यावर, छातीवर दाबलं.

"अहो आबा, सदरा!"

"आसू दे. आज एकटं कोन हाय?"

हौश्याच्या डाव्या अंगाला लागून, त्याच्या पावलाला पाऊल लावत आबा वेशीपर्यंत मिरवत गेले.

तो सदरा त्यांनी अजून धुवायला टाकलेला नाही. सुकन्या, मलाही धुऊ नकोस गं.