दोन बोटं मागे

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. दुकानात मला हेअरबँड म्हणतात, पण आमच्या घरात मला कुणी इतक्या मानानं हाक मारत नाही. 'पट्टा कुठाय?' एवढंच. रंगानं मी जांभळा, मध्ये जरीची बारीक ओळ आणि मागच्या बाजूला थोडं सैल पडलेलं इलॅस्टिक. माझी गोष्ट ऐकण्याआधी एक सांगून ठेवतो, माझा स्वभाव हेवेखोर आहे. तो जन्मापासूनच आहे आणि त्याबद्दल मला कुणी बोलूही नये.

माझा जन्म इंदूरच्या एका मराठी घरात, शिवणाच्या मशीनवर झाला. शालिनीताईंची एक महेश्वरी साडी होती, विरलेली, पण काठ शाबूत. एका दुपारी त्यांनी ती कापली. पदराचा धाकट्या नीरजासाठी कुर्ता झाला. तो घालून नीरजा कॉलेजात गेली आणि मैत्रिणींनी विचारून विचारून तिला भंडावलं. काठाचा मी झालो. राजवाड्यामागच्या दुकानातून माझ्यासाठी इलॅस्टिक आलं, आतून मऊ अस्तर लागलं, आणि मला मंजिरीच्या हातात देण्यात आलं. कुर्त्याचं कौतुक सबंध कॉलेजनं केलं, माझं कुणी एका शब्दानं केलं नाही. हेवा तिथूनच सुरू झाला.

मंजिरी ही घरातली मोठी लेक. जन्मली तेव्हा सगळ्यांनी तिला मुलगा समजून नाव ठेवलं होतं. आपण मुलगी आहोत हे तिला लहानपणापासून माहीत होतं, घराला ते कळायला बरीच वर्षं लागली. तिचे बाबा, लक्ष्मीकांतराव, या विषयावर बोलत नसत, पेपर जरा उंच धरत. आई बोलत नसल्या तरी शिवत होत्या. डॉक्टरांची औषधं सुरू झाली, मंजिरीचे केस खांद्याखाली वाढले, विजयनगरच्या ऑफिसात तिला नव्या नावाचं ओळखपत्रही मिळालं. पण औषधं सुरू होण्याआधीच कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरले होते. पुरुषांचे सरतात तसे. ते काही परत आले नाहीत. ते दोन कोपरे झाकायचे, हेच माझं काम.

रोज सकाळी मंजिरी स्कूटीची किल्ली घेऊन निघाली की आई तिला दारात थांबवायच्या. दोन्ही हातांनी मला धरून कपाळावर ओढायच्या.

"दोन बोटं खाली घे बेटा. लोक बघतात."

मग मंजिरी एक सुस्कारा सोडायची. निवांतपणाचा असायचा तो, की आज कुणाचं लक्ष जाणार नाही. तो सुस्कारा माझ्यामुळे निघतो याचा मला फार अभिमान होता. मित्रांनो, मला हेही ठाऊक होतं की त्या घरात आईची बोटं मंजिरीच्या कपाळापर्यंत येत ती केवळ माझ्यामुळे. खरं तर ती कपाळाला लागत नसत, मला लागत. म्हणून मला वाटे, मी नसलो तर या दोघींचं कसं होणार.

हेल्मेटखाली मी घामानं भिजायचो, उन्हाळ्यात खाजायचो, तरी तक्रार केली नाही. सिग्नलला गाडी थांबली की मंजिरी मात्र शेजारच्या बायकांच्या कपाळाकडे पाहत राहायची. घरी नीरजा आरशापुढे सगळे केस मागे ओढून अंबाडा घालायची, तेव्हा मंजिरी हातातलं काम विसरायची. नीरजाचं कपाळ लहान, केसांची रेघ गोल. मंजिरीला तिचा हेवा वाटायचा आणि हेवा वाटतो म्हणून स्वतःचा रागही यायचा. मला ते बरोबर समजे. हेवा असलेल्या माणसाला हेवेखोर पट्टा मिळाला, आमची जोडी छान जमली होती.

मग एका रविवारी पोहे खाता खाता नीरजानं सांगितलं की निशांतच्या घरून होकार आला आहे, लग्न पुढच्या थंडीत करायचं. आणि पोहे संपायच्या आत म्हणाली, "करवली ताईच. मी आधीच सांगून ठेवते."

करवली म्हणजे नवरीच्या पाठीमागे करा-दिवा घेऊन उभी राहते ती बहीण. सगळा मांडव जिच्याकडे पाहतो तिची जागा. आईनं चमचा खाली ठेवला.  त्या दिवसापासून मंजिरीला एकच गोष्ट हवी होती. नीरजाच्या मागे उभं राहायचं, पण उघड्या कपाळानं, पट्ट्याशिवाय.

पट्ट्याशिवाय. हे शब्द तिनं माझ्यासमोरच आरशात पाहून उच्चारले. मी तेव्हा तिच्या डोक्यावर होतो.

डॉक्टर मधुरिमांच्या दवाखान्यात मंजिरी आईला घेऊन गेली. आई येतील असं तिला वाटलं नव्हतं, पण त्या आल्या आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. डॉक्टरांनी पहिलं काम केलं ते मला काढून टेबलावर ठेवण्याचं. मग बोटांनी कपाळ चाचपत सांगू लागल्या.

"देखो मंजिरी, दोन रास्ते आहेत. एकात केसांच्या लाइनशी कट घेऊन कपाळाची थोडी स्किन काढायची आणि मागची केसांची स्किन पुढे ओढून शिवायची. रिझल्ट फटाफट दिसतो, पण बारीक निशाण राहतं. आणि तुझे हे कोपरे त्यानं भरणार नाहीत. दुसरा रास्ता ट्रान्सप्लांट. मागचे केस मुळासकट एक-एक काढून पुढे लावायचे. तुझ्यासाठी हाच ठीक. पण धीर पाहिजे हं. लावलेले केस पहिले गळतात, मग काही महिन्यांनी खरे येतात."

मंजिरीनं मोबाइलवर नीरजाचा फोटो काढून दाखवला. "मॅडम, मला अशी लाइन पाहिजे."

"ही कोण?"

"छोटी बहीण."

डॉक्टरांनी मान हलवली. "इतकी खाली आणली तर मागचे केस पुरणार नाहीत. आणि तुझा चेहरा वेगळा आहे ना. दुसऱ्याचं कपाळ तुझ्यावर विगसारखं दिसेल." मग त्या आईकडे वळल्या. "आप जरा केस मागे घेता, आंटी?"

आई गोंधळल्या. "मी कशाला? मला यातलं काही समजत नाही." पण त्यांनी केस मागे घेतले. त्यांच्या कपाळावरची रेघ सरळ नव्हती. डाव्या बाजूला ती किंचित खाली उतरायची आणि कानशिलाशी बारीक लव होती. डॉक्टरांनी एक जांभळं पेन उचललं, आईकडे पाहिलं आणि मंजिरीच्या कपाळावर तशीच, थोडी वाकडी रेघ काढली.

त्या पेनाचा रंगही माझाच होता. ज्या कपाळावर मी वर्षानुवर्षं बसलो, तिथे ते पेन एका मिनिटात येऊन मला हद्द दाखवून गेलं. मी टेबलावर पडून बघत होतो आणि मला ते पेन बिलकुल आवडलं नाही.

मंजिरीनं आरसा हातात घेतला. बराच वेळ पाहिलं. "आई, हे तर तुझं कपाळ आहे."

आईनं पर्स उघडली आणि काहीतरी शोधू लागल्या. पर्समध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं, हे मला माहीत आहे, कारण घरी येताना मी त्याच पर्समध्ये होतो.

ऑपरेशनच्या दिवशी आई दवाखान्याच्या बाकावर मला मनगटात घालून बसल्या होत्या. मंजिरी बाहेर आली ती डोक्याला पट्टी आणि चेहऱ्यावर सूज घेऊन, आणि हसत. डॉक्टरांनी बजावलं, "आता बरेच दिवस कपाळावर काही टाइट बांधायचं नाही. कुछ भी नहीं." सगळ्यांची नजर माझ्याकडे गेली. मला सेफ्टी पिना आणि जुन्या टिकल्यांच्या पाकिटांबरोबर खणात टाकण्यात आलं. माझ्या जागी एक सैल, फिकट निळी, कागदासारखी टोपी आली. तिला ना काठ, ना जर. तरी तिला खोलीभर फिरायला मिळत होतं आणि मला नाही.

मग डॉक्टर म्हणाल्या होत्या तेच झालं. उशीच्या अभ्र्यावर केस दिसू लागले, पुढचे, नवे लावलेले. मंजिरीला हे सांगितलेलं होतं, आईलाही. पण ऐकणं वेगळं आणि अभ्रा झटकणं वेगळं. नेमका नीरजाचा साखरपुडा त्याच दिवसांत आला. पाहुणे यायच्या आधी आईनं खण उघडला आणि मला बाहेर काढलं.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू. गळा रे, सगळे गळा, असं मी मनात म्हटलं.

"पाहुण्यांपुरता घाल," आई म्हणाल्या. "मग काढून टाक. केस गेले सगळे बेटा, मी काय करू?"

त्यांनी मला पूर्वीसारखं दोन्ही हातांनी कपाळावर ओढलं. दोन बोटं खाली. माझी जागा मला परत मिळाली. मी नीट बसलो आणि तिच्या सुस्काऱ्याची वाट पाहू लागलो. तो आला नाही. आरशातल्या मंजिरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्यामुळे आलं होतं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

तिनं मला हळूच वर उचलून टेबलावर ठेवलं. "आई, आज नाही घालत मी. खाली मुळं आहेत. त्यांना दाबून कसं चालेल?"

"आणि नीरजाच्या सासरचे? ते काय म्हणतील?"

नीरजा दारात साडीच्या निऱ्या धरून उभी होती. "काय म्हणायचं ते म्हणोत. निशांतला सगळं माहीत आहे. ताई बांधणार असेल तर मी पण एक बांधून बसते. मग बघू दे आरामात."

"दोघी सारख्याच जिद्दी," आई म्हणाल्या आणि श्रीखंड वाढायला निघून गेल्या.

मी टेबलावरून बाहेरचं सगळं ऐकलं. निशांतच्या आईनं मंजिरीच्या लालसर कपाळाकडे पाहून विचारलं, "काही लागलंय का बेटा?" मंजिरी म्हणाली, "नाही काकू, केस लावलेत. उगवतायत." "अच्छा," त्या म्हणाल्या आणि श्रीखंड घरचं आहे का ते विचारू लागल्या. ज्या प्रश्नाला अडवण्यासाठी मला जन्माला घातलं होतं, तो प्रश्न इतकाच होता. मला तेव्हा स्वतःचा थोडा अपमान वाटला.

पुढचे दिवस खणात गेले. कुणी पीन घ्यायला खण उघडला की मला फटीतून जग दिसे. आधी कपाळावर काहीच नव्हतं. मग धुरकट सावली आली, मग बारीक, कुरळी, हट्टी लव. एकदा खण उघडा राहिला आणि मी पाहिलं की मंजिरी जमिनीवर बसली आहे, आई तिच्यामागे, आणि आईची बोटं खोबरेल घेऊन त्या नव्या केसांवरून फिरत आहेत. अगदी हलकी. मधे अस्तर नाही, काठ नाही, मी नाही.

तो हेवा मी विसरलेलो नाही. कुर्त्याचा, पेनाचा, टोपीचा हेवा त्यापुढे काहीच नव्हता. जी बोटं माझी होती ती त्या केसांना मिळाली होती, आणि त्यांनी केलं काय होतं, नुसते उगवले होते.

लग्नाच्या सकाळी घरात एकच गडबड होती. मंजिरी हिरवी साडी नेसून तयार झाली, पण नवे केस अजून आखूड होते. करा हातात घेऊन मान वाकवली की ते डोळ्यांवर येत. पिना लावल्या, निसटल्या. पाणी लावलं, सुकलं. तेव्हा आई आल्या, खण उघडला आणि मला हातात घेतलं.

मंजिरी ताठ झाली. "आई, पट्टा?"

सारं वर्षभर जे हवं होतं ते आता शेवटच्या क्षणी हातातून जाणार, असं तिला वाटलं. तिच्या चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं. मीही तयार होतो. खाली ओढला जाईन, झाकीन, माझी जागा घेईन, असं मी ठरवलं होतं.

आईनं मला कपाळावर ठेवलं. क्षणभर तिथेच धरलं. मग नवे केस आपल्या तळहातानं मागे सारले आणि मला त्यांच्यावरून सरकवत मागे नेलं. कपाळ सोडून दोन बोटं मागे, केसांत. पुढे ती थोडी वाकडी रेघ उघडी राहिली, डाव्या बाजूला उतरलेली, आईसारखी.

"दिसू दे," आई म्हणाल्या.

आणि मंजिरीनं तो सुस्कारा सोडला. किती दिवसांनी.

मांडवात ती नीरजाच्या मागे उभी राहिली. मी ज्यांचा हेवा केला त्याच केसांना धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी चोख केलं, एकालाही डोळ्यांवर येऊ दिलं नाही. कान पिळायला भाऊ कोण, असं कुणीतरी विचारलं, तर करा खाली ठेवून मंजिरीच पुढे झाली आणि निशांत ओरडेपर्यंत पिळला. पहिल्या रांगेतल्या लक्ष्मीकांतरावांच्या हातात त्या दिवशी पेपर नव्हता. मंगलाष्टकांना नवरा-नवरीवर अक्षता उडाल्या, त्यातल्या कितीतरी मंजिरीच्या पुढच्या केसांत अडकल्या. मी मागे असल्यामुळे माझ्या वाट्याला फारशा आल्या नाहीत, हे मी मोजल्याशिवायही सांगू शकतो.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या पट्ट्यांना पिळून वाळत घालू नका, इलॅस्टिक जातं. सैल झालो म्हणून फेकूही नका, दोन टाक्यांचं काम असतं. आणि कुणाच्या कपाळावर आम्हाला ओढण्याआधी एकदा त्याच्या डोळ्यांकडे बघा. आम्हाला वरून दिसत नाही, तुम्हाला समोरून दिसतं.

आता मी रोज सकाळी दोन बोटं मागे बसतो. हेवा अजून आहेच. पण लग्नातली एक अक्षता माझ्या शिवणीत अडकली आहे. मंजिरीनं मला दोनदा धुतलं, तरी ती निघाली नाही. पुढच्या केसांतल्या सगळ्या कधीच गळून गेल्या. ही माझी आहे आणि मी ती त्यांना देणार नाही.