नाही न म्हणण्याचा महिना

भावाने तोंडात चिमूटभर बारीक खिळे धरले होते आणि एकेक ओठांवर आणून तो खुर्चीच्या बैठकीवर ठोकत होता. ताई दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली तसं त्याने हातोडीनेच स्टूल दाखवलं. बोलला नाही. सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवणाऱ्याकडे न बोलण्याची ही हक्काची सबब असते.

ताई बसली. महिन्याचा शेवटचा दिवस होता. अख्खा फेब्रुवारी तिने आज जाऊ, उद्या जाऊ करत घालवला होता, आणि आता उद्याच उरला नव्हता.

या घराला फेब्रुवारीचा एक नेम होता. वडिलांनी लावलेला. आई गेली ती याच महिन्यात. त्या दुपारी ती म्हणाली होती, "जरा बसा ना माझ्याजवळ," आणि वडील "नाही गं, हातात काम आहे, संध्याकाळी बसतो," म्हणून उठले. संध्याकाळी आई नव्हती. पुढच्या वर्षी महिना लागला तसं वडिलांनी दोन्ही पोरांना समोर बसवून सांगितलं, "या महिन्यात आपल्या घरात कुणी कुणाला नाही म्हणायचं नाही. मागणाऱ्याच्या तोंडून कोण मागतंय, आपल्याला काय कळतं?"

पुढे वडीलही गेले, नेम तेवढा राहिला. भाऊ थट्टेने म्हणायचा, "बरं झालं, आई आखूड महिन्यात गेली. एकतिसाचा असता तर मी नेसत्या कपड्यांनिशी रस्त्यावर आलो असतो." म्हणायचा, आणि मागितलेलं द्यायचा.

ताईला आज त्याची किडनी मागायची होती.

स्वतःसाठी नव्हे, लेकीसाठी. चिमणी, एकुलती एक, बापावेगळी पोर. ताईची तिला चालत नव्हती. साखरेच्या दुखण्याने ताईची किडनी आधीच पोखरली होती. मामाचा रक्तगट जुळत होता. नोव्हेंबरपासून ताईला हे ठाऊक होतं, तरी नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी ती गप्प राहिली. का गप्प राहिली, हे देवासमोर हात जोडतानाही तिने स्वतःला नीट सांगितलं नव्हतं.

आतून वहिनी चहा घेऊन आली.

"चिमणी कशी आहे?"

"आहे. काल पायावर सूज होती."

हातोडी थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जरा जोरात.

"अरे, त्या खुर्चीचा जीव घेतोस का?" ताई म्हणाली.

भावाने उरलेले खिळे तळहातावर काढले. "गिऱ्हाईक वजनदार आहे. मागची बैठक वर्षात खचवली त्याने." हसला, पण नजर कापडावरच. "तू बोल. चालत आलीस एवढ्या उन्हाची."

ताईने कप खाली ठेवला. तोंड उघडलं.

"ताई, जरा आत येता?" वहिनी म्हणाली. "फळीवरचा डबा काढायचाय. माझा हात पोचत नाही."

वहिनी ताईपेक्षा वीतभर उंच होती. ताई उठून तिच्या मागोमाग गेली.

स्वयंपाकघरात वहिनीने नळ सोडला आणि तसाच वाहू दिला. पदराने हात पुसले. हात कोरडेच होते.

"ताई, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

"नाही गं."

"आज मागते. महिना अजून सरलेला नाही." "आज त्यांच्याकडे काही मागू नका."

ताई भिंतीला टेकली.

"चिमणी माझीही आहे," वहिनी म्हणाली. "पण आज मागाल तर ते मामंजींच्या शब्दासाठी देतील. त्यांचं स्वतःचं मन कुणी विचारणारच नाही. उद्या मागा. उद्या ते हो म्हणाले, तर मी एका शब्दाने आडवी येणार नाही."

"आणि नाही म्हणाला तर?"

वहिनीने नळ बंद केला.

ताईला वाटलं, सरळ बाहेर जावं आणि बोलून मोकळं व्हावं. पोर मरणाच्या दारात असताना कसला नेम आणि कसलं काय. पण याच नेमाच्या भरवशावर तर ती आली होती.

"बरं," ती म्हणाली.

बाहेर आली तेव्हा भाऊ चपला घालून उभा होता. "चल, स्टॉपपर्यंत येतो."

दोघं स्टॉपकडे चालले. संध्याकाळ उतरत होती. बस दिसली तसा तो म्हणाला, "कशाला आली होतीस ताई?"

ताईचे ओठ हलले. त्याने विचारलं होतं. आता सांगणं म्हणजे मागणं थोडंच? तिने पिशवी छातीशी धरली.

"सहज. उद्या पुन्हा येईन म्हणते."

"ये. सकाळीच ये. उद्या दुकान उघडत नाही मी."

का, ते त्याने सांगितलं नाही, आणि विचारायला आज तिला तोंड नव्हतं. बस हलली. मागच्या काचेतून तिला तो तिथेच उभा दिसला. डावा हात कमरेच्या वर, मागच्या बाजूला दाबून धरलेला, खिशातली वस्तू जागेवर आहे ना म्हणून माणूस चाचपतो तसा. त्या बाजूला त्याच्या सदऱ्याला खिसा नव्हता.