हिरवा किडा आणि रांजण

माझी अक्कल तवा कुठं शेण खायला गेली हुती, देव जाणे!

सन चौतीसचा भादवा. चंद्रभागा, माझी एकुलती एक लेक, लग्नानंतर तीन वर्सांनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, हितं नाशकाजवळ देवळालीला. मालक गेल्यापासनं घरात मी एकटी. सातवा महिना लागलेली पोर दारात दिसली आन् मला रडूच फुटलं.

दुसऱ्याच दिवशी तिच्या खाटेजवळच्या खिडकीत येऊन बसला मेला हिरवा किडा! बोटाहून लांब, तिकोनी तोंड, पुढचे पाय जोडून टक लावून बघतोय. पोटुशीच्या नजरेला असलं पडू नये म्हणून केरसुणीनं ठेचला. चार दिवसांत तसले तीन मारले.

मग छावणीतला मलेरियावाला सलाउद्दीन आला. दारातल्या रांजणात वाकून म्हणला, "मावशी, यात डासांची पिल्लं वळवळतायत. ओतून टाका, नाहीतर हिवताप येईल."

"ओतू? वाटसरूंसाठी माझ्या मालकांनी भरलेला रांजण हाय त्यो! ते गेल्यापासनं मी वरून भर घालते, येकदा बी रिता केला नाय. चिलटांना काय भितोस? खिडकीत राक्षस बसतोय, त्याचं बघ!"

तो हसला. "तो हात जोडणारा? तो माणसाला काही करत नाही, मावशी. किडे खातो बिचारा."

"चल, नीघ!" म्हणून मी त्याला हाकलला. चंद्री आतून सगळं ऐकत हुती.

पंधरा दिवसांनी तिला हुडहुडी भरली. गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. क्विनाईननं पोर वाचली. पोटातलं बाळ नाय वाचलं.

जावई न्यायला आला. "आत्याबाई, आता तिला हितं धाडायचो नाय," म्हणला. चंद्री रांजणाकडं बघत बघत टांग्यात चढली. त्याच सांजेला मी रांजण आडवा केला. लय रडले, पण रांजणातलं पाणी माझ्या डोळ्यातल्या पाण्याआधी वाहून सरलं.

दोन वर्सं झाली. कागद नाय, निरोप नाय.

आज खिडकीत हिरवा किडा आलाय. तसाच हात जोडून बसलाय. केरसुणी हाताशीच हुती, पण उचलली नाय.

"बस बाबा," मी म्हणलं. "हितल्या खाटेवर आता कुणी निजत नाय."