फेकलेल्या बाटल्यांची वही

मी सातवी नापास. तुरीच्या मुळाला लावायचे जिवाणू बनवणाऱ्या कंपनीत सव्वीस वर्सं बाटल्या धुतो. जिवाणू डोळ्याला दिसत नाय, पर त्यालाबी भूक हाय. गुळाचं पाणी पाजून वाढवायचं, पुड्यात भरून शेतकऱ्याला द्यायचं. अडचण एकच. उन्हाळ्यात दुकानातल्या पुड्यात निम्मे जीव मरून जायचे.

आमच्या सुलेखा मॅडमनं तीन वर्सं खपून इलाज काढला. पुड्यात भरायच्या आधी जिवाणूला दोन दिवस उपाशी ठेवायचं. त्यानं ते असे चिवट होतात, मे महिनाबी काढतात. तिनं पेटंट मागितलं, तर पेटंट हापिसातून उलटा कागद आला. एका जुन्या पेटंटात हेच जिवाणू हायेत, दुसऱ्यात भलताच जिवाणू उपासानं कणखर झालाय. दोन्ही जोडलं की झालं. या धंद्यातल्या कुणाबी जाणत्याला हे सहज सुचलं असतं.

"सहज?" म्या म्हणलं. "मॅडम, फेकायची वही दाखवा की त्यांना."

आमच्याकडं गुळाचं पाणी संपून बाटली उपाशी पडली की ती वाया गेली, असंच धरायचे. बारा वर्सं वहीत मी तारीख लिवायचो, आमचे मोठे साहेब डॉक्टर सर्जेराव दस्तखत करायचे, अन् बाटली मोरीत.

साहेब भडकले. "ती वही बाहेर गेली तर लोक हसतील मला. एवढा शिकलेला माणूस, अन् चांगला माल फेकत बसला."

"वतलं तर म्याच ना साहेब. मला कुठं लाज वाटती?"

"तुझं काय जातंय?"

"माझं काय नाय. त्या पोरीचं जातंय."

"वही कपाटातच राहील. हुकूम आहे माझा."

"हुकूम तुमचा. वही मी लिवलेली."

वही पिशवीत घालून मी औरंगपुऱ्यात आमच्या वकीलबाई, मेघाताई, यांच्याकडं गेलो.

"साहेबांची परवानगी आहे?" तिनं विचारलं.

"नाय. नोकरी गेली तर तुमच्या बाटल्या धुईन."

"इथं बाटल्या नाहीत, मामा."

"मंग चहाचे कप."

ती हसली, अन् वहीची पानं अन् माझा जबाब तिनं पेटंट हापिसाला धाडला.

सुनावणी तिच्याच हापिसात, कॉम्प्युटरवर झाली. साहेबबी आले, कोपऱ्यात बसले. पडद्यावरच्या अधिकाऱ्यानं मला विचारलं, "बारा वर्षांत एकही उपाशी बाटली ठेवून पाहिली नाही?"

पाहिली म्हणलो असतो तर आमच्या गल्लीत माझा रुबाब वाढला असता, पर मॅडमचं पेटंट बुडालं असतं.

"नाय साहेब. चारशे अकरा फेकल्या. तुमची ती दोन्ही जुनी पेटंटं बारा वर्सं आमच्या कपाटात व्हती, आमच्या डॉक्टर साहेबांनी वाचलेली. मॅडमच्या आधी हे ज्याला सुचलं, असा एक जाणता दाखवा. मी उठून घरी जातो."

"डॉक्टर, या सह्या तुमच्या?"

साहेबांनी पाणी पेलं. "माझ्याच."

"मग तुम्हाला का सुचलं नाही?"

मंग साहेब म्हणले, "कारण उपाशी बाटली मेली, असंच आम्ही सगळे शिकलो. मी पुढच्यांनाही तेच शिकवलं."

महिन्यानं निकाल आला. जाणती माणसं ज्या वाटेला जातच नव्हती ती वाट सहज सुचली असं म्हणता येत नाय, असं लिवलेलं. मॅडमचं पेटंट मंजूर.

त्याच दिशी मला साहेबाचा मेमो आला. विनापरवानगी वही बाहेर काहून नेली, लेखी खुलासा द्या. मॅडम पेन घेऊन माझ्यापुढं बसली.

"काय लिहू, मामा?"

"लिवा," म्या म्हणलं, "व्हय, नेली."