जोडापासून वीतभर

या, असं पुढं सरकून बसा, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. बुवांचा चहा अजून संपलेला नाही, मृदंगाला कणीक लागायची आहे. तोवर तुमच्या कानावर एक गोष्ट घालतो. गोष्ट एका टाकीची आहे. ती टाकी घडली आपल्या गंगाखेडात आणि गळली भर समुद्रात.

आश्रुबाला तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. परभणी रोडला त्याचं पत्र्याचं शेड होतं. साखर कारखान्यात वीस हंगाम आर्गन वायूचं वेल्डिंग करून त्यानं हात बसवला आणि मग स्वतःचं काम सुरू केलं. त्याचा जोड असा, की नख फिरवलं तर नख कुठं अडू नये. सप्ताहात तो पहिल्या रांगेतला टाळकरी. बुवा थट्टेनं म्हणायचे, "आश्रुबाच्या टाळात अन् जोडात हवा शिरत नाही."

त्याच गल्लीतला धम्मानंद गोव्याला शिडाची जहाजं बांधणाऱ्या कारखान्यात लागला होता. हौशी माणसं समुद्रात फिरायला घेतात, तसली लहान जहाजं. आश्रुबाला एक लेक, सविता, सासरी गेलेली, आणि एकच पोरगा, भागवत. त्याला धम्मानंदानं तिथं फिटर म्हणून चिकटवलं. आणि एकदा सुट्टीवर येताना प्लायवूडच्या विचित्र आकाराच्या फळ्या घेऊन आला.

"काका, ह्या मापाच्या दोन टाक्या पाहिजेत. एक गोड्या पाण्याची, एक डिझेलची. पत्रा अॅल्युमिनियमचा. आमच्या तिकडं तुमच्यासारखा हात न्हाई."

असल्या जहाजात बाजारातली चौकोनी टाकी बसत नाही. जहाजाचं पोट जसं निमुळतं, तशीच टाकी करायची, तळाला घट्ट बसवायची आणि वर फळ्यांची जमीन ठोकून टाकायची. एकदा बसली की जहाज कापल्याशिवाय निघत नाही. आतून भोकं पाडलेले आडवे पडदे लावायचे, म्हणजे लाटेसरशी सगळं पाणी एका कुशीला धावत नाही. आश्रुबानं दीड महिना त्या टाक्यांवर काढला. आत हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. एक बुडबुडा उठला नाही.

त्याची बायको नर्मदाबाई भाकरी घेऊन आली आणि टाकीकडं बघतच राहिली.

"अगं बया! गाभण म्हशीच्या पोटावर माप घेतलं का काय?"

"जहाजाचं पोट हाय ते. नीट बोल, कुणी आयकंल."

"कोण आयकायलंय? समुद्र तं तुमी बी टीव्हीतच बगितला."

मग तिनं कमरेची पिशवी सोडली. तिच्या माहेरची एक रीत होती. घरात नवा रांजण आला, नवी टाकी आली, की पहिलं पाणी भरायच्या आधी तिच्यात तांब्याचा पैसा टाकायचा. पुलावरून जाताना आपण गोदागंगेत टाकतो, तसाच. म्हणजे भांड्यात गंगामाय येऊन बसते. नर्मदाबाईकडं आईनं दिलेले निजामाच्या काळातले दोन पैसे होते. त्यातला एक तिनं कपाळाला लावला आणि हात घालायच्या भोकातून पाण्याच्या टाकीत सोडला. टण् करून तो तळाच्या खोलगट भागात, दोन पडद्यांच्या मधे जाऊन बसला.

"माझं लेकरू ह्याच जहाजावर जाणार हाय मनत होता धम्मानंद. माय सोबत असावी."

"अन् डिझेलच्या टाकीला गं?"

"डिझेल कोण पितंय? तुमी?"

आश्रुबा हसला. पैसा काढावा असं त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं झाकण बसवलं.

वर्षभर जहाज किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरलं. मग वैशाखात मालक, एक खलाशी आणि भागवत असे तिघं लांबच्या बेटांकडं निघाले. निघायच्या आधी भागवतचा फोन आला. "बाबा, तुमच्या टाकीचं पाणी पिऊन निघालो. आपल्या घरच्यावानी लागायलंय."

नर्मदाबाईनं फोन हिसकावून घेतला. "पोटभर पी रे. अन् त्या लोकायला बी दे."

पुढचं थोडक्यातच सांगावं असं आहे. चौथ्या दिवशी नळाला पाणी येईना. टाकीच्या तळाला टाचणीएवढं भोक पडलं होतं. गळलेलं पाणी जहाजाच्या बुडाशी साचायचं आणि तिथला पंप आपोआप उपसून ते समुद्रात फेकायचा. कुणाला पत्ता लागला नाही. त्यातच वारा पडला. शीड धुण्यासारखं लोंबायला लागलं. इंजिन चालवून दोन दिवसांत डिझेल संपलं. बिनतारी यंत्रावर हाका मारल्या, त्या कुणी ऐकल्या नाहीत. बाटल्यांत जे काही उरलं होतं ते तिघांनी झाकणानं मोजून घेतलं, आणि खलाशानं नंतर सांगितलं, की भागवत आपलं झाकण ओठाला लावायचा आणि म्हाताऱ्या मालकापुढं करायचा. मासेमारीची होडी भेटली तेव्हा दोघं जिवंत होते. भागवत आदल्या सकाळी गेला होता.

गंगाखेडच्या घाटावर त्याच्या अस्थी सोडल्या. नर्मदाबाईनं पिशवीतला उरलेला पैसा काढला आणि अस्थींच्या मागं पाण्यात टाकला. "एक तुज्यासंगं होता बाळा, ह्यो दुसरा घे," असं ती म्हणाली. तिला रडूही फुटत नव्हतं.

त्या दिवसापासून आश्रुबाच्या काळजाला एकच किडा लागला. आपला जोड फुटला का? डिझेलची टाकी त्याच हातानं, त्याच पत्र्याची केलेली, ती धड राहिली. मग पाण्याचीच कशी गेली? जेवताना घास हातात राहायचा. शेडात बसून तो जुन्या कामांचे जोड चाचपायचा. धम्मानंदाला त्यानं फोन करून करून भंडावलं: "जहाज कापा, पण ती टाकी काढा. मला कळलं पायजे."

श्रावणात धम्मानंद आला. स्टेशनवरून थेट शेडात. गोणपाटात गुंडाळलेला टाकीचा तुकडा त्यानं लाकडी बाकावर ठेवला.

"काका, आदी हे बगा. जोड शाबूत हाय. भोक जोडापासून वीतभर लांब हाय. तुमची काई चूक न्हाई."

आश्रुबानं नख फिरवलं. जोड आरशासारखा. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या छातीत पुरता श्वास गेला. "पांडुरंगा," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "मग खाल्लं कशानं?"

धम्मानंदानं खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत हिरवा पडलेला तांब्याचा पैसा होता.

"हे आत भोकाच्या तोंडाशीच होतं. तांबं अन् अॅल्युमिनियम पाण्यात एका जागी पडले की जमत न्हाई काका. तांबं शाबूत राहतं, अॅल्युमिनियम झिजत जातं. पार आरपार. कुणी टाकलं आसंल हे, आमाला तं…"

आश्रुबाच्या तोंडाकडं बघूनच त्याला उत्तर मिळालं.

बाहेर बांगड्या वाजल्या. नर्मदाबाई चहा घेऊन येत होती. आश्रुबानं पैसा मुठीत धरला, तुकड्यावर गोणपाट ओढलं.

"काय निगालं रे धम्मा?" तिनं उंबऱ्यातूनच विचारलं. "कशानं गळली? खरं सांग. माझं पाणी कुठं गेलं?"

धम्मानंदानं तोंड उघडायच्या आत आश्रुबा म्हणाला, "माझा जोड कच्चा राहिला."

"तुमचा?"

"हां. एका जागी हवा राहिली आत. मला तवा दिसली न्हाई."

तिनं एक कप धम्मानंदापुढं ठेवला, नवऱ्याचा कप तसाच हातात धरून उभी राहिली आणि बोलली, "वीस वर्सं लोकायला जोड दावत फिरलात. पोराच्याच टाकीला हात आखडला?" कप घेऊन ती परत गेली.

धम्मानंद कळवळला. "काका, कामून खोटं बोललाव? मी सांगतो तिला."

"तुला भागवतची आण हाय," आश्रुबा म्हणाला. "मायनं मायेनं टाकलेला पैसा हाय त्यो. तिला कळलं तर ती दुसऱ्या दिशी जगायची न्हाई. अन् झाकण मीच बसवलं का न्हाई? बगत होतो, हसत होतो. माझ्याच नावावर राहू दे."

तो पैसा त्यानं घाटावर जाऊन अस्थींमागं टाकलेल्या पैशाच्या जोडीला सोडला.

नर्मदाबाईनं पुढं चार वर्षं संसार केला, भाकरी वाढली, आजारपण काढलं. पण नवऱ्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. त्यानं तांब्या पुढं केला की ती उठून स्वतः माठाकडं जायची. आश्रुबाच्या जोडाचा लौकिक तिनंच गावभर बुडवला आणि शेड बंद पडलं. सप्ताहात तो शेवटच्या रांगेत, खांबाआड बसायला लागला. बुवांनी टाळ हातात दिला, तर म्हणायचा, "नको महाराज, आता फट पडली." नामाच्या गजरात मात्र त्याचे ओठ हलताना दिसायचे.

नर्मदाबाईचा शेवट आला तेव्हा लेक सविता सासरहून आली होती. आश्रुबा गंगेच्या पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी आला. म्हातारीनं डोळे उघडले, त्याला पाहिलं आणि मान भिंतीकडं फिरवली. सवितानं त्याच्या हातातून तांब्या घेतला, चमचा आईच्या ओठाला लावला. तेव्हा कुठं ती प्याली. आश्रुबा म्हणाला, "पिली ना? बास."

तिच्या मागं सहा महिन्यांनी तोही गेला. सविता अवजारांची पेटी आवरत होती. तळाला गोणपाटात पत्र्याचा तुकडा निघाला. ती वेल्डरची लेक. भोक जोडापासून वीतभर लांब आहे हे तिला न सांगता कळलं. तिनं धम्मानंदाला फोन लावला. दोघंही गेलेली होती, आणि ज्याच्यासाठी आण राखायची ते माणूसच उरलं नव्हतं. तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. सविता तुकडा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिली.

ते बघा, बुवा उठले. उचला टाळ. पण एवढं करा मायबाप, कीर्तन सुटल्यावर माठाशी जाल, तेव्हा पहिला घोट घ्यायच्या आधी त्या खांबाकडं एकदा बघा आणि आश्रुबाची आठवण करा. त्याच्या हातचं पाणी कुणीतरी घ्यायचं राहिलं आहे.